सूचना: प्रबंधासाठी सीटीआरआय नोंदणी

एम.एस. जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाच्या सर्व निवासी डॉक्टरांसाठी.

प्रबंधात दोन शस्त्रक्रिया-पद्धतींची किंवा औषधांची तुलना करणार असाल, तर पहिला रुग्ण अभ्यासात घेण्याआधीच सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया, म्हणजे रुग्णांवरील चाचण्यांची देशाची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसलेली चाचणी चांगली जर्नल्स सहसा घेत नाहीत. इतक्या मेहनतीचे काम छापले न जाणे फार वाईट. नोंदणीआधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. ती हातात येईपर्यंत एकही प्रोफॉर्मा (रुग्णाची माहिती नोंदवण्याचा फॉर्म) भरू नका.

केस रिपोर्ट (एखाद्या रुग्णाच्या आजाराविषयीचा लेख) लिहायचा असेल तर रुग्णाची लेखी संमती डिस्चार्जपूर्वीच घ्या, फोटोंसाठीसुद्धा. गावी गेलेला रुग्ण पुन्हा गाठणे कठीण असते.

लेखकांच्या नावांचा क्रम गाइडशी बोलून सुरुवातीलाच ठरवा.