ब्रह्मगिरीची फेरी: गट छोटा हवा, वाटाड्या गावचा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण तोंडावर आला की नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ब्रह्मगिरी प्रदक्षिणा, छोटा गट, मार्गदर्शकासह’ अशी पत्रके फिरू लागतात. गाडी कुठून सुटेल, नाश्त्याला काय असेल, टोपी मिळेल की टीशर्ट, हे सगळे त्यांत असते. गटात माणसे किती, वाटाड्या कुठल्या गावचा आणि नाल्याला पाणी चढले तर काय करणार, एवढेच नसते. पैसे भरण्याआधी विचारायचे ते नेमके हेच. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या लोंढ्यात शिरण्यापेक्षा छोट्या गटाने फेरी करणे केव्हाही चांगले, पण गट नावापुरता छोटा नको.

आधी एक गोंधळ दूर करू. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी डोंगर चढणे वेगळे आणि ब्रह्मगिरीची फेरी वेगळी. गंगाद्वाराच्या पायऱ्या किंवा माथ्यावरचे गोदावरीचे उगमस्थान हा डोंगरावरचा कार्यक्रम झाला. फेरी डोंगराला उजव्या हाताला ठेवून पायथ्यापायथ्याने होते. कुशावर्तावर स्नान, त्र्यंबकराजाला नमस्कार, मग नाशिकच्या रस्त्याने प्रयागतीर्थ, पेगलवाडी, तिथून घोटीच्या रस्त्याला लागून पहिने, पुढे डोंगराच्या पाठीमागून सापगाव, गौतम ऋषींचे देऊळ आणि परत त्र्यंबक. ही लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची. हरिहर किल्ला पोटात घेऊन केली जाणारी मोठी फेरी ४० किलोमीटरच्या घरात जाते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. पत्रकावर नुसते ‘प्रदक्षिणा’ असेल तर कोणती, ते विचारून घ्यावे.

वाट जुनी आहे. विठ्ठलपंत कुटुंबासह हीच प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, निवृत्तिनाथांची चुकामूक झाली आणि गुहेत त्यांना गहिनीनाथ भेटले, असे वारकरी परंपरा सांगते. निवृत्तिनाथांची त्र्यंबकची समाधी १२९७ सालची. फेरीत माणूस गटातून चुकल्याची यापेक्षा जुनी गोष्ट सापडणार नाही. मात्र चुकणाऱ्या प्रत्येकाला गहिनीनाथ भेटतातच असे नाही, म्हणून गणती हवी.

गट किती मोठा असावा? आमच्या मते १२ ते १५, त्यापलीकडे नाही. पायवाटेवर माणसे एकामागे एक चालतात आणि दोघांत दोन-अडीच मीटर अंतर राहतेच. १५ जणांची रांग ३५ मीटरच्या आसपास भरते. पुढच्याने हाक मारली तर भर पावसातही शेवटच्याला ऐकू जाते. ४० जणांची रांग कागदावर १०० मीटर, प्रत्यक्षात दमणारे मागे पडून तिची तिप्पट होते आणि एका वळणाआड निम्मी माणसे दिसेनाशी होतात. नाला ओलांडायला माणशी एक मिनिट धरले तरी १५ जण पाव तासात पलीकडे जातात. ४० जणांना पाऊण तास लागतो आणि तेवढ्यात डोंगरावरचे पाणी खाली उतरलेले असते. दोन माणसे जबाबदार हवीत: एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे. मागच्याच्या मागे कुणी राहायचे नाही, मग तो लघवीला थांबलेला असो की फोटोला. गणती प्रयागतीर्थ, पहिने, सापगाव आणि गौतम ऋषींचे देऊळ अशी चार ठिकाणी करावी, आणि ती मागच्याने करावी. पुढचा मोजतो तेव्हा मागे राहिलेला अजून आलेलाच नसतो. दिंडीत चोपदार असतो तो उगीच नाही.

आता वाटाड्या. शहरातला गिर्यारोहणाचा जाणकार सोबत असेल तर उत्तमच, पण पहिने किंवा सापगावच्या बाजूचा एक माणूस पैसे देऊन बरोबर घेतलाच पाहिजे. कोणत्या नाल्याला पावसानंतर किती वेळाने पाणी येते आणि कुठला दगड शेवाळलेला असतो, ते त्याला ठाऊक असते. शिवाय वाटेच्या ज्या भागात पेव्हर ब्लॉक नाहीत तिथे जुलै-ऑगस्टमध्ये भाताची आवणी चालू असते किंवा नुकतीच उरकलेली असते. चिखल चुकवायला शहरी पावले हमखास खाचराच्या बांधावर चढतात. ओला बांध एका जागी खचला की खाचरातले साठवलेले पाणी खालच्या खाचरात उतरते, रोपे उघडी पडतात, आणि दुरुस्तीला घरधन्याचा अर्धा दिवस जातो. गावचा माणूस पुढे असला की तो ‘इथून नको’ म्हणतो आणि लोक ऐकतात. उतारावर नागली-वरई असते. ती गवत समजून तुडवली जाते.

दिवस आणि वेळ. तिसऱ्या सोमवारी लाखो लोक येतात, खासगी गाड्या त्र्यंबकच्या अलीकडे खंबाळ्याच्या वाहनतळावरच अडवतात आणि पुढे एसटीनेच जावे लागते. ती एक यात्रा आहे आणि तिची मजा निराळी, पण त्या रात्री छोटा गट छोटा राहत नाही, लोंढ्यात विरघळतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी श्रावणातला मधला वार धरावा. पुण्यात काही कमी होत नाही. ऑगस्टात आपल्याकडे सहा-सव्वासहाला सूर्य उगवतो. पहाटे साडेपाचला त्र्यंबक सोडले तर सुरुवातीचा डांबरी रस्ता संधिप्रकाशात उरकतो आणि पायवाट लागते तेव्हा लख्ख उजेड असतो. थांबे धरून सहा ते सात तास लागतात, म्हणजे दुपारी बाराच्या आगेमागे परत. मध्यरात्री निघण्याची प्रथा तिसऱ्या सोमवारच्या गर्दीत खपून जाते, कारण वाटभर माणसे आणि उजेड असतो. पंधरा जणांनी निर्मनुष्य वाटेवर अंधारात चालण्यात विंचू-काट्याच्या दिवसांत काही अर्थ नाही. सर्पदंश झालाच तर चिरा देणे, घट्ट आवळून बांधणे, पाण्याने चोळणे यांतले काहीही करू नये आणि त्या माणसाला चालवूही नये. उचलून रस्त्यावर आणावे, १०८ ला फोन करावा आणि रुग्णालय गाठावे. मोबाइलची रेंज वाटेवर भरवशाची नाही, म्हणून जवळचा डांबरी रस्ता कुठल्या बाजूला, हे वाटाड्याने प्रत्येक थांब्यावर सांगून ठेवावे.

सर्वाधिक हाल होतात ते पायांचे, आणि त्याचे कारण बहुतेकांना उलटे वाटते. अनवाणी चालल्याने पाय फुटतात हे खरे, पण त्याआधी ते भिजून मऊ पडलेले असतात. कुशावर्तावर स्नान करून ओल्या पायांनीच निघायचे, वरून पाऊस, खाली चिखल; दोन-तीन तासांत तळव्याची कातडी पांढरी, सुरकुतलेली होते. मग डांबरी रस्त्याच्या कडेची सुटी खडी कोरड्या पायाला नुसती टोचली असती, ती इथे कापते. बूट घालणाऱ्याचीही सुटका नाही. ओला मोजा घामेजल्या टाचेवर घासला की फोड येतो, आणि बोटांच्या बेचक्यांत दुसऱ्या दिवशी चिखल्या. उपाय साधे आहेत. स्नानानंतर पाय पंचाने, बेचक्यांसकट, खडखडीत पुसावेत. टाच, बोटे आणि जांघांना खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलिनचा जाड हात द्यावा. मोज्यांचे दोन जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावेत आणि पहिन्याला एकदा बदलावेत. नवे बूट त्या दिवशी काढू नयेत. पावसाळी सँडल मागे पट्ट्याची हवी. नुसती चप्पल चिखलात पाय सोडून तिथेच राहते. जीन्स तर घालूच नये: भिजली की जड होते, जांघा सोलवटतात आणि वाळत म्हणून नाही. अनवाणी जाण्याचा नवस असेल त्याने तो जरूर फेडावा, मात्र पिशवीत सँडल ठेवावी आणि भेग पडली की घालावी. पहिने बारीतल्या वाऱ्यात छत्री उलटी होते, तेव्हा टोपीचा रेनकोट किंवा इरले.

फेरी सोमवारी असेल तर उपवास आलाच. पावसात तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत, रेनकोटच्या आत मात्र घामाने चिंब असतात. वर पोटात काही नाही. मग सापगाव यायच्या सुमारास पोटऱ्यांत गोळे येतात, कुणाला घेरी येते, आणि नाव पडते ते वयाचे. माणशी दीड लिटर पाणी, त्यातल्या अर्ध्या लिटरमध्ये लिंबू, साखर आणि चिमूट सैंधव. दर अर्ध्या तासाने चार घोट, तहान असो नसो. राजगिऱ्याचे किंवा शेंगदाण्याचे लाडू, खजूर, केळी चालतात. साबुदाण्याची खिचडी निघण्याआधी थोडी खावी, वाटेत पोटभर खाऊन चढाला लागू नये. रात्री शिजवून ठेवलेली भगर तर कुणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नये. पावसाळी हवेत ती लवकर बिघडते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपवास आणि २० किलोमीटर हे दोन्ही एकाच दिवशी करायचे की नाही, ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. आयोजकाने नाव नोंदवताना वय, आजार, चालू औषधे आणि घरचा एक फोन नंबर लिहून घेतला पाहिजे. तो जर फक्त टीशर्टचे माप विचारत असेल तर काय ते समजावे.

नाल्याचा नियम गट निघण्याआधीच ठरलेला असावा, काठावर उभे राहून मतदान नको. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचे नाही. गुडघ्याखाली असले तरी गढूळ होत चालले असेल, काटक्या-पाचोळा वाहून येत असेल, तर वर पाऊस झालेला आहे, थांबायचे. हे नाले उभ्या उतारावरचे, जसे झपाट्याने चढतात तसेच पाऊस थांबल्यावर उतरतात, तास-दीड तास थांबण्याची तयारी बहुतेक वेळा पुरते. ओलांडताना पिशवीचा कमरेचा पट्टा सोडावा, काठीने तळ चाचपावा, तोंड वरच्या अंगाला ठेवून तिरपे सरकावे, दोन-तीन जणांनी एकमेकांना धरून. दोरी कमरेला बांधून कुणालाही पाण्यात उतरवू नये. पाय निसटला तर तीच दोरी त्याला पाण्याखाली दाबून धरते. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल त्या दिवशी फेरी रद्द आणि पैसे परत, असे पत्रकावर छापलेले असावे. पहिन्याच्या धबधब्यांवर प्रशासन बंदी घालते तेव्हा ‘आपण फेरीवाले, आपल्याला कोण अडवतो’ हा युक्तिवाद करू नये.

चांगल्या वाटाड्याकडून ऐकण्यासारखे आणखी एक आहे. या डोंगराच्या एका अंगाचे पाणी गोदावरीने गंगापूर धरणात येते, तेच नाशिकचे नळ भरते आणि पुढे बंगालच्या उपसागराकडे जाते. दुसऱ्या अंगाचे वैतरणेला मिळून मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या धरणांत आणि शेवटी अरबी समुद्रात. फेरीत टाकलेला प्लास्टिकचा द्रोण कुठल्याही बाजूला टाकला तरी कुणाच्या तरी प्यायच्या पाण्यातच पडतो. दर गटामागे एक रिकामे पोते न्यावे, ते आळीपाळीने वाहावे.

पैशांबद्दल थोडक्यात. गावच्या वाटाड्याची रोजंदारी, चहा आणि दुपारचे जेवण ही गावातूनच घेतली जावीत, आणि ती रक्कम पत्रकात वेगळी दाखवावी. सिंहस्थ २०२७ चा आहे आणि त्या श्रावणात ही वाट आजच्यासारखी राहणार नाही. पायथ्याच्या गावांतल्या पोरांना आतापासून प्रथमोपचाराचे आणि नाला ओलांडण्याचे रीतसर शिक्षण मिळाले तर तेव्हा उपयोगी पडेल. ते कुणी द्यावे हे जिल्हा प्रशासनाने ठरवावे.

आपल्या दैनिकाकडे एकच मागणी. श्रावणात रोजच्या अंकात त्र्यंबकेश्वरचा मागच्या २४ तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये पहिल्या पानावर छापावा, नाशिक शहराच्या आकड्याशेजारी पण वेगळा. शहरात ऊन पडलेले पाहून लोक कोरड्या कपड्यांत निघतात, आणि तिकडे पहाटेपासून ओतत असते.

आपले,
ब्रह्मगिरी फेरीला नेमाने जाणारे काही वाचक,
पंचवटी, नाशिक