काका, तुम्ही ठेका हलवला नाहीत

आदरणीय काका,
सा. न.

हे समोर बसून बोलायला लागले असते तर तुम्ही हातोडी उचलून तबल्याचे गठ्ठे ठोकत बसला असता आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून पत्र लिहितेय, आणि तेही चारचौघांनी वाचावं असं.

तीन वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या त्या माडीवर बाईंकडे गाणं शिकायला आले, तेव्हा मला सगळंच मोजायची सवय जडली होती. मैत्रिणीबरोबर डब्यांचा धंदा होता. हिशेब तिच्याकडे, लाटणं माझ्याकडे. पैसे गेले ते गेलेच, पण चार वर्षं शेजारी बसून आपल्याला काहीच कसं कळलं नाही, हा सल जास्त होता. भाजीवाल्याने परत दिलेली मोड दोनदा मोजायची. कुलूप ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत वर जाऊन ओढायचं.

तिथे तबल्याच्या साथीला तुम्ही. तुमच्यासमोर बसून मग मात्राही मोजायला लागले. ताल तिलवाडा, सोळा मात्रांचं आवर्तन. पदराखाली अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत राहायचा. पुढ्यात वही, गाणं कागदावर उतरवायच्या भातखंडे लिपीत लिहिलेली. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तिच्याखाली फुली. 'खाली', म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडायची मात्रा, तिच्याखाली शून्य. भातखंड्यांनी १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आपल्याच गावात संगीत विद्यालय काढलं, त्यांची लिपी चुकीची कशी असेल! कागदावरच्या फुलीवर माझा जेवढा विश्वास होता तेवढा समोरच्या जिवंत माणसावर नव्हता. तरी सम हुकायचीच. आपल्या ग्वाल्हेरच्या गायकीत ख्यालाची लय फार संथ नसते, चूक लपवायला जागाच मिळत नाही. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा उघडतो म्हणतात. तोही चघळून आले. दात आंबले, एवढंच.

दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही ठेका थांबवलात. "पदराखाली काय चाललंय? हात बाहेर काढ." तळवे मांडीवर उताणे ठेवायला लावलेत, वही मिटायला लावलीत. "मोजू नकोस, डाव्या हाताचा डग्गा ऐक. सातव्या मात्रेच्या 'तिं तिं'ला त्याचा घुमारा थांबतो. खाली गेली की अकराव्याच्या 'धिं'ला तो परत येतो. परत आला की समेवर नेणारा मुखडा उचलायची तयारी करायची. बाकी माझ्यावर सोड."

माझ्यावर सोड! पोटात गोळाच आला. ती मैत्रीणही अगदी हेच म्हणायची.

खरं सांगू, पहिले काही महिने तुमचा रागही येत होता. घरगुती मैफलीत तबलजी गाणाऱ्याला सांभाळून घेतात, सम हुकली की हळूच एखाददुसरी मात्रा गिळतात, ऐकणाऱ्यांना पत्ता लागत नाही. तुम्ही कधीच गिळली नाहीत. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात मी सरळ सरळ पडले, पहिल्या रांगेत सासरची सगळी मंडळी, आणि तुमचा ठेका आपल्या जागी. घरी येताना रिक्षात म्हटलं, जरा सांभाळून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्ही म्हणालात, "मी हललो तर तू धरशील कशाला?"

त्या दिवशी ते पटलं नाही. पटलं ते श्रावणातल्या त्या संध्याकाळी. हवा दमट, तबल्याची पुडी सारखी उतरत होती, त्यात दिवे गेले. अंधारातच गात होते. 'धिं' ऐकला, मुखडा उचलला, आणि तो निम्म्यावर असतानाच तुमची सम येऊन आदळली. मी तिथल्या तिथे थांबले. "चुकलं, काका."

तुम्ही तबल्यावर हात ठेवून थोडा वेळ गप्प बसलात. "तुझं नाही. माझं चुकलं. आवर्तन तोकडं झालं." मग विचारलंत, "तुला कळलं होतं?"

"हो."

"मग माफी कशाची मागितलीस?"

ह्याचं उत्तर तेव्हा नव्हतं, आजही नाही. डब्यांच्या हिशेबातही मधे दोन-तीनदा काहीतरी खटकलं होतं, तेव्हाही आपलंच काहीतरी चुकत असेल म्हणून मीच गप्प बसले होते, ते मात्र त्या अंधारात आठवलं. आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने शिकणाऱ्या बाईला "माझं चुकलं" म्हणावं, हे आमच्या घरात तरी मी कधी ऐकलेलं नाही.

आता सगळं मार्गी लागलंय असं लिहिलं तर तुम्हीच हसाल. कुलूप अजून ओढते, पण जिना परत चढत नाही. डबे पुन्हा सुरू केलेत, ह्या वेळी शेजारच्या वहिनींबरोबर. शनिवारी दोघी मिळून वही मिळवतो. परवा चाळीस रुपये जुळेनात. पूर्वी रात्रभर तळमळले असते. ह्या वेळी सरळ विचारलं, त्याही सरळ वही घेऊन बसल्या. कोथिंबीर मांडायची राहिली होती, माझ्याकडूनच.

मंगळवारी अंतऱ्यात अंगठा परत पेरावर गेला. तुम्ही पाहिलंत. बोलला काहीच नाहीत, अकराव्या मात्रेचा 'धिं' तेवढा जरा जोरात वाजवलात.

ऐकू आला, काका.

तुमची,
मंगळवार-शुक्रवारची विद्यार्थिनी
ग्वाल्हेर