बँड सोडला, गाणं नाही

प्रिय आई-बाबा,

आधी बातमी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. बँड सोडला. भांडण झालं नाही, कुणी काढलंही नाही. सरावानंतर दोन-दोन दिवस कानात शिट्टी वाजायची. तपासून घेतलं, रिपोर्ट चांगला आहे. तरी सोडला. बाबा, माझ्या कानांबद्दल तुम्ही दाराबाहेरून ओरडलेलं ते वाक्य मला आठवतंय. परत म्हणू नका.

आणि मी खचले वगैरे नाही हं. झोप होते, जेवण वेळेवर असतं, पाठीला आधार देणारी खुर्चीही घेतली. संध्याकाळी बँडचं तेच गाणं एकट्या गिटारवर बसवतेय, नुसतं ऐकून. चौघांचं काम सहा तारांवर: बेस, म्हणजे खालचे जाड सूर, अंगठ्याकडे, चाल बाकीच्या बोटांकडे. मूळ पट्टी ई-फ्लॅट, तिथे मोकळ्या तारा फारशा कामी येत नाहीत. म्हणून अर्धा सूर खाली, डीमध्ये आणलं आणि सहावी तार ईवरून डीवर उतरवली. आता जाड तीन तारा नुसत्या छेडल्या तरी सा-प-सा मिळतं, अंगठा सुखात. फक्त गायक जो सूर चार मात्रा धरतो, तो माझ्याकडे दोन मात्रांत विरतो. पुन्हा छेडावा लागतो.

अडले होते गंधारावर. बँडच्या त्या गुरगुरणाऱ्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांत, सा आणि प एवढेच असतात, मधला सूर गाणाऱ्याने सांगायचा. मी आठवडाभर शुद्ध गंधार लावत होते आणि गाणं उगाच हसरं व्हायचं. परवा फोनवर, आई, बाबांना हाक मारायला जाताना तू तीच ओळ गुणगुणलीस. स्वच्छ कोमल गंधार! इतकी वर्षं बंद दारापलीकडे तू ऐकत होतीस तर.

बाबा, लहानपणी तुमच्या पाठीला कान लावून तुमचं बोलणं ऐकायचे मी. शब्द कळायचे नाहीत, नुसता घुमारा. हे गाणं ऐकताना तुमचंही तसंच काहीसं व्हावं असं वाटतंय. वयाबरोबर आधी बारीक आवाज जातात, स आणि श निसटतात, म्हणून तुम्हाला आई पुटपुटते असं वाटतं. ती पुटपुटत नाही. पण गिटारची सगळ्यात बारीक तार मोकळी छेडली तर 330 हर्ट्झच्या आसपास वाजते, ते तुम्हाला ऐकू येईल. शब्द तर आता गाण्यात नाहीतच.

मात्र कानाचं यंत्र डबीत ठेवून चालणार नाही. सकाळी उठल्यावर घालायचं, अंघोळीला आणि झोपतानाच काढायचं. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज कर्कश वाटेल, म्हणून काढून ठेवायचं नाही. टोचत असेल तर डॉक्टरांना सांगा, माझ्यापासून लपवू नका. रागावत नाहीये, बाबा.

आई, टीव्हीचा आवाज तू कमी कर. आणि हे वाचून दाखवताना त्यांच्या उजव्या बाजूला बस, तो कान बरा आहे.

तुमची,
चिमणी