भाषण मध्येच थांबव

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

कथा अडली आहे, म्हणून रोज रात्री लेखकांची भाषणं ऐकत बसते, असं तू फोनवर म्हणालीस. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

ऐकतेस ते चांगलंच आहे. पण त्या भाषणांतला उपदेश तू फारसा मनावर घेऊ नकोस. रोज लिहा, भरपूर वाचा, अपयशाला भिऊ नका, हे सगळेच सांगतात. खोटं कुणी सांगत नाही, पण ऐकून तेवढ्यापुरता हुरूप येतो आणि सकाळी कागद कोराच राहतो. लिहिणाऱ्याच्या उपयोगाचं असतं ते उपदेशाच्या अधेमधे सहज सांगून गेलेलं काहीतरी.

नायजेरियन लेखिका चिमामांडा अदिचीचं २००९ सालचं टेड या व्याख्यानमालेतलं भाषण तू नक्की ऐकलं असशील. माणसांबद्दल किंवा देशांबद्दल एकच गोष्ट ऐकत राहण्यात काय धोका आहे, हे ती सांगते. हा मुद्दा आता सगळ्यांना पाठ झालाय. मला त्यातली टोपली आठवते. नायजेरियात तिच्या लहानपणी त्यांच्या घरी कामाला एक मुलगा होता. त्याच्या घरचे फार गरीब आहेत, एवढंच तिची आई सांगायची. एकदा अदिची त्या मुलाच्या गावी गेली, तेव्हा त्याच्या आईने रंगवलेल्या रॅफियाची (ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या धाग्यांची) एक सुंदर नक्षीदार टोपली दाखवली. त्याच्या भावाने विणलेली. अदिची चकित झाली, कारण त्या घरातलं कुणी काही घडवू शकतं हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

भाषण इथे थांबवायचं. पुढचं ऐकायचंच नाही. वही घ्यायची आणि आपण ज्याला एकाच शब्दात ओळखतो असा माणूस आठवायचा. तुझ्या कथेतले आजोबाच घे. मी दोनदा वाचली कथा. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसते प्रेमळ आहेत. त्यांच्या हातून काय घडतं, कशावर ते चिडतात, काय लपवून ठेवतात, यातलं काहीच मला दिसलं नाही. माझ्या मते कथा अडली आहे ती तिथेच. पुढे काय घडवायचं हा प्रश्न नंतरचा.

दुसरं भाषण तुर्की कादंबरीकार ओर्हान पामुकचं, डिसेंबर २००६ मधलं, नोबेल स्वीकारतानाचं. ते मला फार जवळचं वाटतं, कदाचित मी आई आहे म्हणून. मरणाच्या दोन वर्षं आधी त्याच्या वडिलांनी आपल्या लिखाणाच्या वह्या भरलेली एक लहानशी बॅग त्याला आणून दिली. मी गेल्यावर वाच, म्हणाले. वडील बॅग ठेवून निघून गेल्यावर पामुक कितीतरी दिवस त्या बॅगेभोवती फिरत राहिला, पण त्याने तिला हात लावला नाही. वडिलांचं लिखाण आपल्याला आवडलं नाही तर, ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती ते चांगलं निघेल ही होती. मुक्ता, एक बंद बॅग आणि तिच्यासमोर अवघडलेला मुलगा, एवढ्यात केवढी कथा आहे! तो तुर्कीत बोलतो. पहिल्यांदा भाषांतर न वाचता दोन-चार मिनिटं नुसता आवाज ऐक. अर्थ कळत नसताना वाक्यांची लय जास्त स्पष्ट ऐकू येते.

आणि अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस ऐकच. १९६७-६८ मध्ये त्याने हार्वर्डला कवितेवर सहा व्याख्यानं दिली. दृष्टी जवळजवळ गेलेली, त्यामुळे समोर टिपणं नाहीत. वेगवेगळ्या भाषांतल्या कविता तोंडपाठ. त्या टेप तीसेक वर्षं तशाच पडून होत्या, २००० साली त्यांचं पुस्तक झालं. टेडमध्ये साधारण अठरा मिनिटांत आटपायचं असतं, त्यामुळे तिथलं बोलणं घोटून घोटून गुळगुळीत झालेलं असतं. बोर्हेसकडे तशी घाई नाही. दीड पटीच्या वेगाने ऐकू नकोस त्याला. तू नेहमी तसंच ऐकतेस, मला माहीत आहे.

भाषण ऐकताना वक्ता काय म्हणाला याची टिपणं काढत बसू नकोस. ते रेकॉर्ड झालेलंच आहे, कधीही मिळेल. त्या क्षणी तुझ्या मनात काय आलं तेवढंच लिही, ते मात्र उद्या आठवणार नाही. आणि एका बैठकीत एकच भाषण. एकामागून एक तिघांची ऐकलीस की तिघांचेही आवाज डोक्यात घुमत राहतात, त्यात तुझा ऐकू येत नाही. तुला स्वतःचा आवाज आहे. तू शाळेत असताना लिहायचीस तेव्हापासून तो मी ओळखते.

या आठवड्यात नवीन काही लावू नकोस. टोपलीपर्यंत ऐक, बंद कर आणि आजोबांनी स्वतःच्या हाताने काय केलंय ते एक पानभर लिहून मला पाठव. अर्धवट असलं तरी चालेल. शुद्धलेखन तपासणार नाही, नुसती वाचेन आणि आजोबा दिसले की नाही ते कळवीन.

तुझी,
आई