राजीनामा दिलाय, रागावू नका

ती. नाना आणि सौ. आईस,
सा. न.

फोनवर सांगणं जमलं नाही. नाना एकदम गप्प होतात आणि आई "जेवलीस का?" विचारून फोन ठेवते, म्हणून लिहिते. पुण्याच्या फर्मचा राजीनामा दिलाय. पुढच्या महिन्यापासून जळगावला वकिली करणार, आणि तीही कंपन्यांविरुद्ध: न उगवलेलं बियाणं, फवारणीतली विषबाधा, कारखान्यात गेलेले हात.

आधी पैशांचं, नाहीतर आईला झोप लागायची नाही. नानांच्या गोळ्यांचे पैसे येतात तसेच येतील, वेगळे काढून ठेवलेत. मोरीचं काम थांबवू नका, कमोड बसवूनच घ्या. माझी खोली कोर्टाजवळ आहे, घरमालकीण खालीच राहते, डबा लावलाय. त्यात कळणाची भाकरी नसते, म्हणून दर शनिवारी घरी.

नाना, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे तुमचंच वाक्य, आणि पोरीला वकीलही तुम्हीच केलंत. इतकी वर्षं मी कंपन्यांच्या वतीने उत्तरं लिहिली. शेतकऱ्याची तक्रार आली की ठरलेलं असायचं: पाऊस वेळेवर नव्हता, लागवड खोल झाली, आणि तपासायला बियाण्याचा नमुना कुठे आहे? नमुना! पिशवी उधारीवर आणणारा माणूस बी राखून ठेवील की वावरात टाकील? सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात हेच सांगितलं, शिवाय शेतकरी हा ग्राहकच आहे असंही. तरी जिल्हा ग्राहक आयोगात नमुन्याचा तो प्रश्न अजून येतो. तो विचारणारा कुठे अडखळतो, ते मला आतून माहीत आहे.

भोपाळचं उदाहरण देऊ नका. १९८४ ची ती रात्र आणि १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड मीही वाचलीय. तडजोड सरकारने केली, गॅसपीडितांना कोणी विचारलं नाही. माझ्या पक्षकाराला विचारल्याशिवाय मी सही होऊ देणार नाही.

आणि नाही, भरपाईत वाटा मिळत नाही. अमेरिकेतले वकील घेतात, आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. म्हणजे गाडी घेणं लांबलं. गाडी बघून येणारी स्थळं लांबलेलीच बरी.

आई, त्या सालाचा सूड म्हणून हे करत नाहीये. ग्राहक कायद्यात मुदत दोन वर्षांची, आपली केव्हाच गेली. नाना रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत होते आणि मी तुझ्या मांडीवर झोपायचं सोंग करत होते, एवढं आठवतं. तुझ्या पाटल्यांचं तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही.

आता ऐका. बियाण्याची पक्की पावती घ्यायची, दुकानदार ओळखीचा असला तरी. पिशवीवरच्या लॉट नंबरचा फोटो काढा, आणि मूठभर बी पिशवीतच राहू द्या, वाद कशाला. उगवलं नाही तर मोडायच्या आधी तालुक्याला कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. पंचनामा होईपर्यंत वखर लावायचा नाही. गल्लीत सगळ्यांना सांगा. नानांनी फवारणीला स्वतः जायचं नाही, माणूस लावा, पण त्यालाही मास्क आणि हातमोजे द्या, उपाशीपोटी पाठवू नका. आईच्या मोतीबिंदूची तारीख मी घेतलीय. कानबाई झाली की ऑपरेशन, दिवाळीचं कारण चालणार नाही.

या शनिवारी शेवटच्या एसटीने येते. भरताची वांगी भाजून ठेव. नाना, मोटारसायकल घेऊन स्टँडवर येऊ नका, अंधारात तुम्हाला दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण रस्ता खराब आहे. मी रिक्षाने येईन.

तुमची,
बेबी