जुनी नावे आणि वंशावळीतला घोळ

संपादक महोदय,

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत वंशावळी जुळवताना हमखास घोळ होतो, कारण नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत. विठ्ठल गोविंद, मग गोविंद विठ्ठल, पुन्हा विठ्ठल गोविंद! सालाशिवाय नाव टिपले की दोन पिढ्या एक होतात. निदान श्राद्धात घेतात तशी वडील, आजोबा, पणजोबा ही तीन नावे सलग लिहावीत.

त्यातून सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही. म्हणून त्याच नावाचा मुलगा घरात बाळ, नाना नाहीतर भाऊ. कागदावर मात्र गोविंद. दगडू, धोंडू ही नावे गावंढळ म्हणून हसण्यावारी नेऊ नयेत. आधीची मुले दगावली की दृष्ट लागू नये म्हणून ती मुद्दाम ठेवत.

बायकांचा माग सर्वांत अवघड. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले की माहेरचे संपले. राजवाडाही सुटला नाही: गोपाळरावांचे 1875 मध्ये दत्तकविधानानंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड झाले, तर त्यांच्या दोन्ही राण्या, लक्ष्मीबाई आणि गजराबाई, लग्नानंतर चिमणाबाईच! म्हणून माहेरचे नाव व आडनाव कंसात लिहाच.

– एक वाचक, वडोदरा