दिग्याला पत्र: आधी खोकं शोध, मग किंमत सांग

गिरगाव, मुंबई

प्रिय दिग्या,

तुझे फोटो बघितले. माळ्यावरची ट्रंक अखेर खाली आली म्हणायची! लिओ कंपनीच्या हॉट व्हील्स गाड्या, एक हात गमावलेला स्केलेटर (ही-मॅनचा तो खलनायक), फनस्कूल कंपनीचे जी. आय. जो सैनिक आणि त्यातले दोन तर चक्क मूळ पॅकिंगच्या कार्डावर, न फोडलेले. तुझ्या दादाने ते न फोडता कसे ठेवले, हे मला आजही कोडं आहे. आपण तर दुकानातून घरी पोचेपर्यंतही दम धरत नव्हतो.

ही खेळणी कलेक्टरांना विकायला काढताना तू विचारलंस, "कुठली वस्तू कितीला टाकू?" ते सांगीन, पण त्याच्या आधीचा प्रश्न तू विचारलाच नाहीस. वस्तू कितीला विकायची हे ठरण्याआधी ती कुठल्या खोक्यातून जाणार हे ठरलं पाहिजे. या धंद्यात नवे लोक किमतीत क्वचितच बुडतात. बुडतात ते टपालात. दोनशे रुपयांची गाडी विकायची, गिऱ्हाइकाला "शिपिंगचे साठ" असं अंदाजपंचे सांगायचं, आणि काउंटरवर गेल्यावर कळतं की शंभराच्या वर जाणार. आता त्या माणसाकडे परत पैसे मागायला जीभ रेटत नाही. म्हणजे गाडी गेली ती गेलीच, वर पदरचे पैसेही गेले. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो हो" म्हणून विसरला असतास, म्हणून लिहून पाठवतोय.

पहिली गोष्ट म्हणजे वजन. खेळण्याचं खरं वजन फार थोडं असतं. कार्डावरची एक हॉट व्हील्स शंभर ग्रॅमच्या आत बसते. पण कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन बघत नाहीत, खोक्याचं आकारमानही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. जे येतं ते किलोतलं व्हॉल्यूमेट्रिक वजन. काट्यावरचं आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे. आणि दर साधारण अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतात.

आता गंमत बघ. २० बाय १५ बाय ८ चं खोकं घेतलंस तर गुणाकार २४००, म्हणजे ४८० ग्रॅम. अर्ध्या किलोत बसलं. तेच खोकं ८ ऐवजी १० उंच घेतलंस तर ६०० ग्रॅम, आणि तू एक किलोच्या टप्प्यात. आत गाडी तीच, फक्त दोन सेंटिमीटर हवा जास्त, आणि त्या हवेचं भाडं तू भरतोयस. आता वहिनींच्या सँडलचं खोकं, जे तू नक्की वापरणार आहेस. ३३ बाय २० बाय १२ धर. दीड किलोच्या वर गेलं, म्हणजे दोन किलोचे पैसे. त्यामुळे चपलांची खोकी रद्दीत घाल.

खोकी कुठून आणायची? अब्दुल रहमान स्ट्रीट आणि मस्जिद बंदरच्या बाजूला पॅकिंगचं सामान ठोक मिळतं. थ्री प्लायची, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याची खोकी बंडलात घे, एकाच मापाची घेऊ नकोस. दोन मापं पुरतात: एक छोटं, जे अर्ध्या किलोच्या आत राहील, आणि एक मोठं, एकगठ्ठा मालासाठी. आणखी एक फुकटचा मार्ग म्हणजे तुमच्या नाक्यावरचा केमिस्ट. औषधांची छोटी खोकी तो रोज फेकून देतो. ती उसवून आतली बाजू बाहेर करून परत चिकटवायची. दिसायला स्वच्छ, आणि "यात औषध आहे का" असं काउंटरवर कोणी विचारत नाही.

कार्डावरच्या दोन गाड्या एकत्र जाणार असतील तर एक युक्ती आहे. दोन्ही कार्डं तोंडाला तोंड लावून ठेव, पण एक उलटं, म्हणजे एकीचं डोकं दुसरीच्या पायाकडे. प्लॅस्टिकचा फुगवटा कार्डाच्या खालच्या अर्ध्यात असतो, त्यामुळे दोन फुगवटे एकमेकांवर न येता शेजारी बसतात. जोडीची जाडी एकाच गाडीएवढी. मधे पातळ फोमचा तुकडा घालायला विसरू नकोस, नाहीतर घासून ओरखडे येतात. मघाच्या २० बाय १५ च्या खोक्यात ही जोडी ऐसपैस मावते, आणि बाजूच्या फटीत बबल रॅपमध्ये गुंडाळून दोन सुट्या गाड्याही बसतात. चार गाड्या, टपाल एका टप्प्याचं.

म्हणूनच सुट्या, साध्या गाड्या एकेक विकायच्या भानगडीत तू पडू नकोस. पाच-सहाचा लॉट कर. नाहीतर नेहमीच्या गिऱ्हाइकाला सांग, "पैसे दे, माल माझ्याकडे होल्डवर ठेवतो, चार-पाच झाल्या की एकत्र पाठवतो." जुने कलेक्टर स्वतःच होल्ड मागतात, कारण टपाल त्यांनाही परवडत नसतं. फक्त होल्डचा हिशेब वहीत ठेव, नावानिशी आणि तारखेनिशी. आणि मुदत सांग. नाहीतर तुझ्या त्या वन बीएचकेमध्ये लोकांची खेळणी राहतील आणि वहिनी तुला बाहेर काढतील.

आता पोस्ट की कुरिअर? तुला पेपरमध्ये वाचून वाटलं असेल की स्पीड पोस्ट ४७ रुपयांत भारतभर जातं. १ ऑक्टोबर २०२५ पासूनचा तो दर खरा आहे, पण ५० ग्रॅमपर्यंतच्या कागदपत्रांचा. शहरातल्या शहरात १९. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७ चे प्रत्यक्षात ५५ रुपये ४६ पैसे. खेळणं पार्सलात मोडतं आणि त्याचं दरपत्रक वेगळं. टपाल खात्याच्या साइटवर दर काढायची सोय आहे. पिनकोड आणि वजन टाकून आधी बघ, मगच गिऱ्हाइकाला आकडा सांग. रजिस्टर पोस्ट मात्र आता विसर. ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. आणि कोणी तुला सुचवेल की ज्ञान पोस्टने पाठव, तीनशे ग्रॅमला वीस रुपये पडतात. ती योजना पुस्तकांसाठी आहे रे. मुलांच्या पुस्तकांच्या सवलतीत स्केलेटर पाठवणं मला पटत नाही, आणि उघडलं तर पार्सल अडकेल ते वेगळंच.

माझा अनुभव असा की खेड्यात, तालुक्याला, डोंगराळ भागात पोस्टाला तोड नाही. मोठ्या शहरांत कुरिअर बरं, घरून उचलून नेतात. पण कुरिअरच्या ॲपवर माप टाकताना एक पथ्य पाळ. बंद खोक्यावर मोजपट्टी ठेवून आणि वजनकाट्यावर ठेवून फोटो काढून ठेव. एका कंपनीने माझं अर्ध्या किलोचं पार्सल त्यांच्या गोदामात मोजून दीड किलोचं ठरवलं आणि वॉलेटमधून पैसे कापून घेतले. फोटो होते म्हणून भांडता आलं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, पण वहिनींना विचारून घे.

कॅश ऑन डिलिव्हरी अजिबात ठेवू नकोस. माणूस दारावर "नको" म्हणाला की पार्सल परत येतं, आणि जायचं-यायचं दोन्ही भाडं तुझ्या बोडक्यावर. तेही अशा वस्तूचं, जिचं कार्ड आता दोनदा आपटून दुमडलेलं असतं. आधी यूपीआय, मग पार्सल. जो या अटीला नकार देतो तो बहुतेक वेळा घेणारच नसतो.

आता माझा आवडता मुद्दा. हल्ली सगळे "फ्री शिपिंग" लिहितात. फ्री कसलं? किमतीत घुसवलेलं असतं. माझा विरोध त्याला यासाठी आहे की मग ठाण्याच्या पोराने गुवाहाटीच्या माणसाचं भाडं भरायचं असं होतं. मी चार दर सांगतो: मुंबई-ठाणे, उरलेला महाराष्ट्र, बाकीचा भारत, आणि ईशान्य व काश्मीर. गिऱ्हाइकाने पिनकोड टाकला की पहिले दोन आकडे बघायचे. ४० ते ४४ आपला महाराष्ट्र (४०३ तेवढा गोव्याचा), ७८-७९ म्हणजे आसाम आणि ईशान्य, १८-१९ जम्मू-काश्मीर आणि लडाख. हे सगळं १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी लावून दिलं. संस्कृतचे पंडित, टपाल खात्यात अधिकारी. पत्रांसाठी केलेली सोय आज माझ्या धंद्याचं दरपत्रक झाली आहे.

आणि पॅकिंगचे पैसे लपवू नकोस. टेप, बबल रॅप, खोकं यांचे वीस-तीस रुपये होतात, ते सरळ "पॅकिंग" म्हणून सांग. टपालावर नफा काढणारे मला आवडत नाहीत. पावती पार्सलावरच चिकटलेली असते, गिऱ्हाईक वाचतं, आणि कलेक्टरांचं जग फार छोटं आहे. एकदा नाव गेलं की ग्रुपवर तुझ्या "सेल" पोस्टखाली शांतता.

मुंबईतल्या गिऱ्हाइकाला मात्र टपाल लावूच नकोस. सरळ स्टेशन सांग. तू बोरिवलीचा, तुझ्यासाठी वेस्टर्नवाले सोपे. मी दादरला पुलावर देतो. गाडी बघतात, कार्डाचे कोपरे मोबाइलच्या टॉर्चने तपासतात, पैसे टाकतात, पुढची लोकल पकडतात. कार्ड दुमडायचा धोका शून्य, आणि ओळख होते ती वेगळीच. पीक अवरला मात्र नको. कार्डावरच्या फुगवट्याचं प्लॅस्टिक विरारच्या गर्दीसाठी बनवलेलं नसतं.

पावसाळ्यात आणखी एक खर्च धर. जून ते सप्टेंबर प्रत्येक वस्तू आधी झिपच्या पिशवीत, मग बबल रॅप, मग खोकं, आणि खोक्यावर टेप सगळ्या शिवणींवर. ओला पुठ्ठा मऊ पडतो आणि वर दुसऱ्याचं जड पार्सल बसलं की संपलंच. बॅटरीवरचं खेळणं असेल तर सेल काढून घे. वजन कमी होतं, आणि विमानाने जाणाऱ्या मालात बॅटरीवरून कटकट होते.

आता तुझे दोन जी. आय. जो. फनस्कूलचे, म्हणजे गोव्याच्या कारखान्यातले. ते इथे विकायची घाई करू नकोस. फनस्कूलने काही पुतळे हॅस्ब्रो या मूळ अमेरिकन कंपनीपेक्षा वेगळ्याच रंगांत काढले, आणि अमेरिकेतले कलेक्टर नेमके त्याच रंगांच्या मागे असतात. पण तिकडे पाठवणं आता पूर्वीसारखं नाही. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची करमाफी काढून टाकली, आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं थांबवली, आणि १५ ऑक्टोबरला परत सुरू केली तेव्हा तिकडची ड्युटी, म्हणजे आयातकर, पाठवणाऱ्याने बुकिंगच्या वेळीच भरायची असं ठरलं. तेव्हा ती जाहीर किमतीच्या ५० टक्के होती. हे आकडे तिकडच्या राजकारणाबरोबर हलतात, म्हणून पाठवायच्या दिवशीचा दर विचार आणि ड्युटी कोण भरणार हे सौद्यातच लिहून घे. किंमत कमी दाखव असं तिकडचं गिऱ्हाईक म्हणेल. ऐकू नकोस. पार्सल हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीवरच मिळते.

भरपाईवरून आठवलं. देशातल्या स्पीड पोस्टाला विमा नसेल तर हरवल्यावर टपालखर्चाच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यातलं जे कमी असेल तेच मिळतं. ऐंशी रुपये टपालाचे दिलेस तर भरपाई एकशेसाठ. म्हणून पाच-सात हजारांची वस्तू असेल तर विम्याचे पैसे कुरकुर न करता भर. तिथे मी टपाल वाचवत नाही.

ते अमेरिकेचं पार्सल करायचंच झालं तर जीपीओला, मुंबईच्या मुख्य पोस्टात, एकत्र जाऊ. समोरच्या फुटपाथवर कापडात पार्सल शिवून देणारे आहेत, त्यांचे टाके आपल्याला जन्मात जमणार नाहीत. आत काउंटरची रांग मोठी असते, पण १९१३ सालचा तो वास्तुकार जॉन बेगसाहेबाचा घुमट, विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला, त्याच्याखाली उभं राहायला मला तरी कंटाळा येत नाही. सकाळी लवकर ये, जेवणाच्या सुट्टीच्या आधी काम होईल. मग पंचमपुरीवाल्याकडे पुरीभाजी, माझ्याकडून.

स्केलेटर विकू नकोस. हात नाही म्हणून कोणी शंभर रुपयेही देणार नाही आणि टपाल तेवढंच पडेल. तो मला दे. माझ्याकडे एक हात आहे.

काकूंना नमस्कार सांग, वहिनींना वजनकाट्याबद्दल आधी सॉरी म्हण.

तुझा,
नंदू

ता. क. कार्डावरच्या त्या दोन जी. आय. जोंच्या मागच्या बाजूचे फोटो पाठव, चारही कोपरे दिसतील असे. अमेरिकेतल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला तोवर काहीच कळवू नकोस. आणि माझ्याकडे अर्ध्या किलोच्या मापाची खोकी जास्त झाली आहेत, चपटी केलेली. शनिवारी येऊन घेऊन जा.